हवालदारकाकांचा हिशेब

मनुष्य निवर्तला म्हणजे त्याच्या आयुष्याचा जमाखर्च मांडावयास आपण सर्वच उत्सुक असतो. कोणी त्याने बांधलेली घरे मोजतो, कोणी त्याची पदके मोजतो, तर कोणी अंत्ययात्रेस जमलेली माणसे मोजतो. ज्याने आपला हिशेब वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने, आणि तोही कोणास न दाखविता, लिहून ठेविला अशा एका गृहस्थाशी आमचा पंचवीस वर्षांहून अधिक काळ स्नेह होता. त्यांच्या त्या हिशेबात आमच्याही नावे एक बाकी निघते. ती येथे मान्य करावी, एवढ्याचकरिता हा लेख लिहावयास घेतला आहे.

त्यांचे नाव आम्ही देत नाही. दिलेले त्यांस आवडले नसते. भिंगारच्या छावणीलगतच्या आमच्या आळीत लहानथोर सर्व त्यांस 'हवालदारकाका' म्हणत, आणि आम्हीही येथे तेच म्हणू. सन 2023 च्या पावसाळ्यात, वयाच्या 84 व्या वर्षी, ते देवाघरी गेले.

त्यांचा जन्म 1939 साली पारनेर तालुक्यातील एका कोरडवाहू गावी झाला. घरी जमीन होती, पण पाणी नव्हते. तोंडे होती, पण धान्य नव्हते. अठराव्या वर्षी, म्हणजे 1957 साली, ते मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि शिक्षणाकरिता बेळगावास गेले. पुढे त्यांची नेमणूक त्या रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत झाली. 1768 साली उभारलेल्या या पलटणीस 'जंगी पलटण' म्हणतात. सोळा वर्षांची चाकरी करून 1973 साली ते हवालदाराच्या हुद्द्यावरून मोकळे झाले. शेतात अद्यापही पाणी आलेले नव्हते. तेव्हा वळकटी बांधून त्यांनी नागपूरच्याही पलीकडे जाणारी गाडी धरली, आणि 1974 सालापासून 1997 सालापर्यंत भिलाईच्या पोलाद कारखान्यात झोतभट्टीवर काम केले.

आमच्या विद्यार्थ्यांनी भूगोलाच्या पुस्तकात भिलाईचे नाव वाचलेच असेल. सन 1955 मध्ये रशियाशी झालेल्या करारान्वये हा कारखाना उभा राहिला, आणि त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. हा मुलूख तेव्हा मध्य प्रदेशात होता; सन 2000 पासून तो छत्तीसगडात आहे. दल्ली-राजहरा येथील डोंगरांतून लोहखनिज येते. ते, कोक आणि चुनखडी असे थर भट्टीत वरून घालतात व खालून तापविलेल्या हवेचा प्रचंड झोत सोडतात. ठराविक वेळाने भट्टीचे बुजविलेले तोंड फोडले म्हणजे लोखंडाचा रस वाळूच्या पाटातून, शेतातील पाटाच्या पाण्यासारखा, वाहू लागतो. त्याची उष्णता सुमारे 1,400 ते 1,500 अंश सेल्सिअस असते. हलकी असल्यामुळे मळी वर तरंगते. तिला आडवून वेगळ्या पाटाने काढून देतात. रस संपत आला म्हणजे मातीने ते तोंड पुन्हा बुजवितात. हवालदारकाकांचे काम या पाटावर होते. "गावाकडे पाटाला पाणी नव्हते. देवाने मला पाट दिला, पण त्यात विस्तव सोडला," असे ते हसून म्हणत.

आम्ही दहावीत असताना ते सेवानिवृत्त होऊन भिंगारास राहावयास आले. लढाईवर गेलेला मनुष्य शेजारी राहावयास यावा, याहून मोठे भाग्य सोळा वर्षांच्या मुलास कोणते वाटणार? आम्ही दररोज त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागलो. परंतु आमची निराशा झाली. काका भट्टीविषयी तासन् तास बोलत. लढाईविषयी मात्र एकच गोष्ट सांगत, आणि तीही त्यांच्या स्वतःच्या पराक्रमाची नव्हती.

ती गोष्ट 1971 सालच्या युद्धातील. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आपल्या देशात आले होते. डिसेंबरात युद्ध पेटले, आणि काकांची पलटण जमालपूर नावाच्या शहराच्या पाठीशी, ढाक्याकडे जाणारा रस्ता रोखून बसली. शहरात शत्रूची पलटण होती. 9 डिसेंबर रोजी आपल्या ब्रिगेडचे अधिकारी ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी, व्यर्थ रक्तपात टळावा म्हणून, शरण येण्याविषयी पत्र लिहिले. ते पोहोचवावयाचे कोणी? जोहुरुल हक मुन्शी नावाचा एक बंगाली मुक्तियोद्धा सायकलीवर बसला आणि पांढरे निशाण घेऊन शत्रूच्या ठाण्यात गेला. उत्तर आले ते पत्रात गुंडाळलेल्या बंदुकीच्या गोळीसह. "त्या लढाईत सर्वांत शूर कोण, असे मला विचाराल तर तो सायकलवाला," काका म्हणत. "आमच्या हातात काहीतरी होते. त्याच्या हातात सायकलीचे हँडल." गोष्ट येथेच संपे. पुढे काय झाले, हे विचारल्यास ते चहा मागवीत.

एके सायंकाळी आम्ही धीर करून विचारिले, "काका, तुम्ही स्वतः किती शत्रू मारले?"

काकांनी कप खाली ठेविला. काही न बोलता ते आत गेले आणि एक निळ्या काचेचा चष्मा घेऊन आले. आम्हांस हातास धरून त्यांनी आळीच्या टोकाच्या लोहाराकडे नेले. भाता चालू होता. "नुसत्या डोळ्यांनी बघ. काय दिसते?" आम्ही म्हणालो, "झगझगाट." "आता ह्यातून बघ." चष्म्यातून पाहता झगझगाट नाहीसा झाला, आणि एकेक निखारा, त्याची कड, त्याच्या पोटात तापत असलेले लोखंड, सर्व वेगवेगळे दिसू लागले. "भट्टीवर हेच शिकवतात. डोळे दिपले की आतले दिसत नाही," एवढे बोलून ते घरी परतले. प्रश्नाचे उत्तर टाळण्याची ही युक्ती आहे, असे आम्हांस वाटले. त्यातच उत्तर होते, हे समजण्यास आम्हांस पुढे पुष्कळ वर्षे लागली.

दुसरी एक आठवण रेल्वे स्थानकावरची आहे. फलाटाच्या कडेस बदलीकरिता आणून टाकलेले रूळ पडले होते. काका वाकले आणि एका रुळाच्या कुशीवरील उठावाच्या अक्षरांवरून त्यांनी बोट फिरविले. रूळ लाटताना त्यावर कारखान्याचे नाव व साल उमटवितात. नाव भिलाईचे होते, आणि साल काकांच्या नोकरीतले होते. भारतीय रेल्वेचे रूळ अनेक दशके मुख्यत्वे भिलाईतच तयार होत आले आहेत. त्यांनी तेथेच आम्हांस एक तोंडी हिशेब घातला: एका मीटरास 52 किलो वजनाचा रूळ, तर एक किलोमीटर मार्गास पोलाद किती? रूळ दोन असतात हे आम्ही विसरलो आणि चुकलो. उत्तर 104 टन. (आता मुख्य मार्गांवर 60 किलोचे रूळ घालतात, आमच्या विद्यार्थ्यांनी स्वतः गणित करून पाहावे.) गाडी आली, तशी ते मागे सरून ताठ उभे राहिले, आणि शेवटचा डबा दृष्टीआड होईपर्यंत तसेच राहिले. तेव्हा आम्हांस तो म्हातारपणचा थोडासा अभिमान वाटला.

यथावकाश आम्ही पदवीधर झालो, मिशनच्या अध्यापक वर्गात शिकलो, आणि याच शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालो. त्या दिवसापासून काका आम्हांस 'अरे' ऐवजी 'मास्तर' आणि 'तू' ऐवजी 'तुम्ही' म्हणू लागले. आम्ही संकोचून म्हणालो, "काका, असे परके करू नका." ते म्हणाले, "तुम्हांला कोण म्हणतो? तुमच्या खुर्चीला म्हणतो."

आता आमच्या बाकीकडे वळतो.

सन 2009 च्या प्रजासत्ताकदिनी शाळेत त्यांचे व्याख्यान ठरले. ठरविले आम्हीच. मुलांस रणांगणाचे स्फुरण चढावे, असा आमचा हेतू होता. आणि काका आपण होऊन काही सांगणार नाहीत हे ठाऊक असल्यामुळे आम्ही काही प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून आधीच मुलांत वाटून ठेविले होते.

काका पदके लावून आले. सभागृह टाळ्यांनी दुमदुमले. आणि त्यांनी सुमारे दहा मिनिटे भाषण केले ते कशावर? ओल्या फावड्यावर! भट्टीवर रुजू झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी बाहेर राहिलेले एक फावडे उचलले आणि ते पाटाकडे नेऊ लागले. तोच एका वृद्ध कामगाराने त्यांचे मनगट धरले. फावड्यावर पाणी होते. तप्त रसाखाली पाण्याचा थेंब सापडला तर त्याची क्षणार्धात वाफ होते. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे 1,600 पट वाढते, आणि वाफेस बाहेर पडावयास वाट नसली म्हणजे ती वरचा रस उडविते. "मी सोळा वर्षे बंदूक वागवली होती. पण एक थेंब पाच माणसे मारू शकतो, हे मला त्या दिवशी कळले," काका म्हणाले. "तेव्हापासून मी हातात घेतलेली वस्तू आधी पुसतो. मुलांनो, तुम्हीही पुसत जा." (हे खरे होते. तळणाच्या कढईत झारा घालण्यापूर्वी ते तो तीनदा पुसावयास लावीत, म्हणून काकू त्यांस हसत असत.)

मुले चुळबुळू लागली. मग प्रश्न झाले, आणि आठवीतील एका मुलाने उभे राहून आमची चिठ्ठी जशीच्या तशी वाचली: "आपण युद्धात किती शत्रू मारले?"

सभागृह शांत झाले. काकांनी त्या मुलाकडे पाहिले. नंतर, का कोण जाणे, आमच्याकडे पाहिले. "बाळा, त्याचा हिशेब माझ्याजवळ नाही," असे म्हणून ते खाली बसले. मागच्या बाकांवर कोणी तरी हसले. आम्ही लगबगीने आभार मानावयास उठलो आणि विनय हा शूराचा अलंकार आहे, असे एक छापील वाक्य बोलून मोकळे झालो. काकांनी त्यानंतर शाळेत येण्याचे निमंत्रण पुन्हा स्वीकारिले नाही. आमच्याशी वागण्यात मात्र तिळमात्र फरक पडला नाही, आणि त्यामुळेच ती चिठ्ठी आमच्या मनातून गेली नाही.

सन 2023 च्या जून महिन्यात ते अंथरुणास खिळले. काकू तत्पूर्वीच निवर्तल्या होत्या. दुर्गला दिलेली मुलगी शुश्रूषेस आली होती. एके दुपारी पावसाची सर चालू असता आम्ही त्यांच्या उशाशी बसून चौदा वर्षांपूर्वीची ती गोष्ट सांगून टाकिली. "काका, तो प्रश्न त्या मुलाचा नव्हता. आम्ही लिहून दिला होता."

"ठाऊक आहे, मास्तर," ते म्हणाले. "तुम्ही दहावीत असताना हेच शब्द, ह्याच क्रमाने विचारले होते."

आम्हांस काय बोलावे ते सुचेना. थोड्या वेळाने ते आपण होऊनच बोलू लागले, आणि जे पंचवीस वर्षांत सांगितले नव्हते ते त्यांनी त्या दुपारी सांगितले.

गोळी गुंडाळलेले पत्र आल्याच्या दुसऱ्या रात्री, म्हणजे 10 डिसेंबरच्या रात्री, जमालपुरातील शत्रूने अंधारातून ढाक्याच्या रस्त्याने निसटण्याचा प्रयत्न केला. त्या रस्त्यावर पहिली मराठा पलटण होती, आणि काका मशीनगनवर होते.

"दिवसा उजेडी नेम बांधून ठेवायचा. दोन खुंट्या ठोकायच्या: इथून इथपर्यंत तुझे. रात्री दिसत काही नाही. हुकूम आला की त्या दोन खुंट्यांच्या मध्ये नळी फिरवायची. शेजारचा जोडीदार पट्टा सरकवतो. तेवढेच. सकाळी पाहिले. मोजायचे काम दुसऱ्या तुकडीला दिले होते. मी तोंड फिरवले. त्यांतले माझे किती, शेजारच्या गनचे किती, देवाला ठाऊक. लोकांना वाटते मी आकडा लपवतो. मास्तर, आकडाच नाही माझ्याजवळ. असता तर बरे झाले असते. तेवढ्यांच्या नावाने तेवढे दिवे तरी लावले असते."

आम्ही म्हणालो, "काका, ते तर कर्तव्य होते."

"होतेच. लढाई चुकीची होती, असे मी म्हणत नाही. वाटेत त्या लोकांची गावे पाहिली होती. आम्ही गेलो नसतो तर कोण जाणार होते? पुन्हा हुकूम झाला असता तर पुन्हा गेलो असतो. पण कर्तव्य होते म्हणून ओझे होत नाही, असे थोडेच आहे?" पुढे बराच वेळ ते छपरावर पडणारा पाऊस ऐकत राहिले, मग म्हणाले, "भट्टीवर मात्र मोजता आले."

11 डिसेंबरास जमालपूर पडले, दुसऱ्या सायंकाळी याच पलटणीने पुंगलीच्या पुलापाशी आपल्या छत्रीधारी सैनिकांस गाठले, आणि 16 डिसेंबरास ढाक्यात शत्रूने शरणागतीच्या कागदावर सही केली. हे सर्व इतिहासाच्या पुस्तकात आहे. त्या दुपारी काकांनी यातील काहीच सांगितले नाही.

'मोजता आले' याचा अर्थ आम्हांस त्यांच्या पश्चात कळला. दहाव्यानंतर त्यांच्या मुलीने एक पत्र्याची पेटी आमच्यापुढे ठेविली. "अण्णा म्हणाले होते, हे मास्तरांना दे." पेटीत तो निळ्या काचेचा चष्मा होता, आणि 1974 पासून 1997 पर्यंतच्या, दर वर्षास एक अशा, चोवीस वह्या होत्या. प्रत्येक पाळीस एक ओळ: तारीख, पाळी, भट्टीचे तोंड किती वेळा फोडले, अदमासे किती टन रस निघाला. आणि ओळीच्या शेवटी, पलटणीत पहारा बदलताना देतात तसे, दोन शब्द: 'सब ठीक'. म्हणजे पाटावरची सर्व माणसे पाळी संपवून आपापल्या पायांनी घरी गेली. ज्यास आपल्या हातून किती माणसे गेली याचा आकडा कधीच मिळावयाचा नव्हता, त्याने चोवीस वह्या भरून किती लोखंड निघाले आणि किती रात्री माणसे सुखरूप परतली, याचा हिशेब लिहिला होता.

मास्तरकीच्या सवयीने आम्ही वह्या तपासावयास बसलो, आणि एका गोष्टीने थबकलो. कारखान्यात पाळ्या फिरत्या असतात. वह्यांतूनही तसेच दिसते. परंतु 1974 पासून 1996 पर्यंत तेवीस वर्षे, दर 10 डिसेंबरास, काकांची पाळी रात्रीची आहे. एकदाही चुकलेली नाही. एखाद्या वर्षी समासात बारीक अक्षरांत लिहिले आहे: 'बदलून घेतली'. ती एक रात्र त्यांस झोपून काढवत नव्हती. म्हणून ते ती भट्टीपुढे उभे राहून काढीत, आणि सकाळी सहा वाजता लिहीत, 'सब ठीक'.

मुलीस आम्ही याविषयी विचारिले. ती म्हणाली, "दर वर्षी त्या रात्री आई शेजारणीला सोबतीला बोलवायची. आम्हांला वाटायचे, कारखान्याचाच तसा नियम आहे."

विद्यार्थीमित्रहो, आम्ही वर्गात तुम्हांस लढायांच्या सनावळ्या शिकवितो, आणि पुढेही शिकवू. त्या अवगत असल्याच पाहिजेत. जे लढले त्यांचे ऋण आपणांवर आहे, आणि ते मानले पाहिजे. परंतु ज्या दिवशी आम्ही ती चिठ्ठी लिहिली त्या दिवशी आमचेही डोळे दिपलेले होते. तुमच्या आळीत, तुमच्या घरातही कदाचित, असा एखादा वृद्ध शिपाई असेल. त्याच्यापाशी जाऊन अवश्य बसा. तो जे सांगेल ते ऐका. ओल्या फावड्याविषयी सांगेल तर तेही मन लावून ऐका. जे तो सांगत नाही ते ओढून काढू नका. आणि ज्या पालकांच्या घरी असे वडीलधारे आहेत त्यांस आमची विनंती आहे, की त्यांच्या मौनास विसराळूपणा समजू नये.

सभागृहात चिठ्ठी वाचणारा तो मुलगा आता तिशीकडे झुकला आहे. गेल्या दिवाळीत तो भेटला असता त्यास आम्ही ही सर्व हकीकत सांगितली आणि त्याचीही क्षमा मागितली, कारण आमचा प्रश्न आम्ही त्याच्या तोंडून विचारविला होता. तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, त्यांच्या भाषणातले मला एकच लक्षात आहे. मी अजूनही कढईत झारा घालण्याआधी पुसतो."

काकांस हे सांगावयास हवे होते. चोवीसाव्या वहीची शेवटची काही पाने कोरी आहेत. त्यांपैकी एकावर आम्ही त्या दिवसाची तारीख घालून हे वाक्य लिहून ठेविले आहे.